त्रिभुवन सरांचा हात

त्रिभुवन सरांना चित्र काढता येत नाही, अशी शाळेत बोलवा होती. ती कुणी उठवली हे कधी कळलं नाही, पण वरच्या वर्गाची जुनी पुस्तकं जशी खालच्या वर्गाकडे येतात, तशी ती दरवर्षी नव्या पोरांकडे यायची. एखादा शहाणा तिच्यात भर घालायचा. सर मूळचे गणिताचे, गणिताला जागा नव्हती म्हणून चित्रकलेला बसवले, असं तो शपथेवर सांगायचा. सरांच्या कानावर हे सगळं जायचं. ते मिशीतल्या मिशीत हसायचे आणि हजेरी घ्यायचे.

बोलवा अगदीच बिनबुडाची नव्हती. देवळाली प्रवऱ्याच्या त्या शाळेत भीमराज त्रिभुवन ऐन पंचविशीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्यांना फळ्यावर साधं पान-फूल काढतानाही कुणी पाहिलं नव्हतं. आसपासच्या शाळांतले चित्रकलेचे मास्तर तास सुरू झाला की फळ्यावर दोन डोंगर काढायचे, डोंगरांच्या मधोमध सूर्य, तिथून निघून थेट पुढ्यात येणारी नदी, काठाला झोपडी आणि झोपडीवर वाकलेलं नारळाचं झाड. पोरं ते उतरवून घ्यायची आणि तास संपायचा. त्या मुलखात नजर पोचेल तिथवर ऊस होता. नारळाचं झाड बघायचं तर एका बागायतदाराच्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभं राहावं लागायचं, आणि तिथं कुत्रं होतं.

त्रिभुवन सर टेबलावर काहीतरी आणून ठेवायचे. फुटका माठ, सायकलची चेन, कुणाची तरी एक चप्पल. नाहीतर नुसता शब्द टाकायचे.

"वाट बघणं," म्हणायचे. "काढा."

"कुणाची, सर?"

"ते मला कसं माहीत असणार? तूच बघत असशील कुणाची तरी."

मग हात पाठीमागे बांधून बाकांमधून फिरायला लागायचे. एखाद्या कागदाशी थांबून विचारायचे, "हा एवढ्या घाईनं कुठं निघालाय?" किंवा, "ह्या बाईला ऐकू येतं का?" पोर चक्रावून जायचं. थोड्या वेळानं आपल्या चित्रातल्या बाईला कान नाहीत हे त्याच्या ध्यानात यायचं, किंवा कान आहेत पण ती कुणाचं ऐकणारी नाही हे त्याचं त्यालाच नव्यानं कळायचं. कुणी म्हणालं की सर, हात जमत नाही, तेवढा काढून द्या, तर सर म्हणायचे, "मी काढला तर तो माझा हात होईल. तुझ्या बाईला माझा हात लावायचा? केसाळ आहे." वर्ग हसायचा. पण सर काढून द्यायचे नाहीत ते नाहीतच.

मुलाच्या कागदावर मोठ्या माणसाची एक रेघ पडली की तो कागद मोठ्या माणसाचा होतो, हे त्यांचं म्हणणं. नव्या हेडमास्तरांना ते हेच सांगायचे, कुरकुरत आलेल्या पालकांना हेच, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: शिक्षक फळ्याचा वापर करत नाहीत.

हे त्यांना कुठल्या ग्रंथात सापडलेलं नव्हतं. त्यांचे वडील रंभाजी पेंटर होते. राहुरीच्या पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षराला सावली द्यावी तर रंभाजीनं, असं लोक म्हणायचे. चौदा एप्रिलला वस्तीतल्या विहारापुढे लागणाऱ्या कापडी पडद्यावर बाबासाहेबांचं चित्र रंभाजीच काढायचे, आणि ते काम चालू असताना चहाला उठायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. आई भागिरथी खुरपणीवरून आली की लांबूनच विचारायची, "चष्मा झाला का?" चष्मा झाला म्हणजे चित्र झालं, असा घरचा हिशेब होता. भीमराज ब्रश धुवायचा आणि बघत राहायचा. वडिलांचा हात थांबत नसे, चाचपडत नसे. नळ सोडल्यासारखी रेघ यायची.

भीमराज चौथीत असताना तालुक्याची चित्रस्पर्धा होती. शेजारच्या गोठ्यात नुकतंच जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उठायला बघत होतं. पुढचे पाय एकमेकांत अडकलेले, मागचं धड वर उचललेलं, तोंड मातीत. भीमराजनं ते तसंच्या तसं काढलं, कागद ओट्यावर वाळत ठेवला आणि खेळायला गेला. तेवढ्यात रंभाजी कामावरून आले. त्यांनी वासराचे पाय बघितले. पोराचं चारचौघांत हसं होऊ नये म्हणून, निव्वळ मायेपोटी, त्यांनी ब्रश घेतला. पोरगं परत आलं तेव्हा वासरू चार पायांवर ताठ उभं होतं आणि खाली सावली दिलेल्या अक्षरांत 'वासरू' असं लिहिलेलं होतं.

"आबा, ते उठत हुतं," भीमराज म्हणाला.

"मग आता उठलं," रंभाजी म्हणाले. ते फार खुशीत होते.

त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देणारे साहेब म्हणाले की पाय काय सुरेख जमलेत. कंपासपेटी मिळाली होती, ती भीमराजनं बहिणीला देऊन टाकली.

एवढंच असतं तर ती एक लहानपणीची आठवण होऊन राहिली असती. पुढे ते पुण्याला चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला गेले आणि वर्गात पहिले आले. मास्तर त्यांचं काम भिंतीला लावायचे. भीमराजला मात्र भिंतीवर रंभाजी दिसायचे. समोर बसलेली म्हातारी कशीही असो, हात कागदाला लागला की तिचा कणा सरळ व्हायचा. मान पडलेला घोडा कागदावर मान ताठ करून उभा राहायचा. डोळे एक बघायचे आणि हात त्याआधीच काहीतरी ठरवून बसलेला असायचा. आपल्याला आपली म्हणून एक रेघ नाही, ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. नोकरी लागली तशी त्यांनी पेन्सिल खिशाला लावली आणि हात पाठीमागे बांधले. आपल्याकडून निघून गेलं ते निदान ह्या पोरांकडून जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

आणि त्या वर्गात गोष्टी घडत गेल्या, हे खरंच. शाळेच्या टोकाची खोली होती ती. खिडकीबाहेर ऊस, कारखाना सुरू झाला की मळीचा वास, जेमतेम उजेड. दुपारच्या तासाला पोरं डुलक्या घेत यायची आणि कागद पुढे आला की जागी व्हायची. एक मुलगी होती, ज्ञानेश्वरी नावाची. ती प्रत्येक वेळी घर काढायची आणि घराला दार नसायचं. सरांनी विचारलं, "आत जायचं कसं?" ती म्हणाली, "जायचंच न्हाई." सरांनी पुढे विचारलं नाही. वर्षभर ती तेच घर काढत राहिली. दार तिनं कधीच काढलं नाही, पण घराभोवतीची झाडं वाढत गेली, इतकी की शेवटी घर शोधावं लागायचं. दुसऱ्या कुणी तिला दार काढायला लावलं असतं. निवृत्तीनंतर नगरला, सावेडीच्या फ्लॅटमध्ये, दुपारी बाल्कनीत बसलं की सरांना अजून ती झाडं आठवायची. आंबा म्हणावा तर आंबा नाही, लिंब म्हणावा तर लिंब नाही.

आणि गोरक्ष आठवायचा.

गोरक्षची आई बनुबाई आठवडे बाजारात भाजी विकायची. गोरक्ष तान्हा होता तेव्हापासून तिच्या पालाखाली वाढलेला. दहावीच्या वर्षी वर्गात 'बाजार' असा विषय दिला तेव्हा सगळ्यांनी दुकानं काढली, तराजू काढले, टोपीवाला माणूस काढला. गोरक्षनं नुसते पाय काढले. चपलांचे, अनवाणी, भेगाळलेले, एक पैंजणाचा, एक लंगडा, आणि पायांच्या मधून दिसणारी पलीकडची पालेभाजी. पालाखाली बसलेल्या पोराला बाजार जसा दिसतो तसा. सर त्या कागदापुढून हललेच नाहीत. त्यांना विचारायला प्रश्नच सुचला नाही, आणि असं त्यांचं क्वचित व्हायचं.

त्या वर्षी गोरक्ष इंटरमिजिएट परीक्षेला बसला. चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला जायचं तर ती परीक्षा हवी होती. आठवणीतून काढायच्या चित्राला नेमका बाजार यायची शक्यता होती. गोरक्षनं विचारलं, "सर, आला तर पायच काढू का?"

"तुला दिसतं तसं काढ," सर म्हणाले.

बाजार आला. गोरक्षनं पाय काढले आणि नापास झाला. कोर्स हुकला. सर घरी गेले, तर गोरक्ष श्रीरामपूरच्या एका ट्रॅक्टर-ट्रॉली रंगवणाऱ्या पेंटरकडे कामाला लागला होता. पुढे त्यानं राहुरी फॅक्टरीच्या रस्त्याला स्वतःचं शेड टाकलं. आता गळीत हंगामाच्या आधी त्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागते, असं लोक सांगायचे. सर त्या रस्त्यानं बऱ्याचदा गेले. शेडपाशी त्यांची मोटारसायकल कधी थांबली नाही.

म्हणून सप्टेंबरात गोरक्षचा फोन आला तेव्हा त्यांनी आवाज ओळखला नाही.

"सर, सृष्टी आठवीला हाय. माझी पोरगी. चित्रकलेच्या एलिमेंटरीला बसलीय. बाकी सगळं येतंय तिला, मान्सं येत न्हाईत. एकदा या तुमी."

"येतो की," सर म्हणाले. "बघू काय काढते ती."

"बघायचं न्हाई, सर," गोरक्ष म्हणाला. "हातानं काढून दाखवायचं. आमाला सोडलं तसं तिला सोडू नका."

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ बाल्कनीतल्या कुंडीत पाणी घालत राहिले. पाणी खालच्या मजल्यावर गळायला लागलं तेव्हा त्यांची मुलगी यशोधरा बाहेर आली. तिनं काय झालं ते विचारलं आणि ऐकून घेतलं.

"मग दाखवा की काढून," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही तर कुणाला कळणार? माझ्या वहीत मोर हवा होता तेव्हा तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, मोराला आधी विचार. शेवटी आईनं काढून दिला. बाई म्हणाल्या, कोंबडी छान आहे." ती हसली, पण सर हसले नाहीत. "जा बाबा. एवढं आठवणीनं बोलावलंय त्यानं."

रविवारी सर तारकपूरच्या स्टँडवरून एसटीत बसले. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून नगरच म्हणतो. वाटेत कृषी विद्यापीठाची झाडं गेली, राहुरी गेली, आणि उसाची शेतं सुरू झाली तसं सरांना वाटलं की आपण कामावर निघालोय आणि तास चुकणार आहे. पाठीमागे हात बांधून त्या वर्गात पुन्हा एकदा फिरावं, एवढी एकच इच्छा त्यांना झाली. खोलीची आता कॉम्प्युटर लॅब झालीय, हे त्यांना माहीत होतं.

गोरक्षच्या शेडमध्ये तीन ट्रॉल्या उभ्या होत्या. एकीला लाल प्रायमर मारलेला, एक अर्धवट निळी, आणि तिसरीच्या मागच्या पत्र्याच्या फाळक्यापुढे गोरक्ष स्टुलावर बसलेला. केस पांढरे झाले होते. त्यानं उठून वाकून नमस्कार केला, पण रंगाचा हात लागू नये म्हणून लांबूनच.

"सर, ह्या खुर्चीत बसा. ह्या एकीलाच रंग लागलेला न्हाई."

कोपऱ्यात बाजेवर बनुबाई लसूण सोलत बसली होती. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"मास्तर व्हय? तुमीच आमच्या गोरक्षाला नापास केलं."

"आये, सरांनी न्हाई केलं. परीक्षावाल्यांनी केलं."

"एकच हाय. पायच पाय काढले म्हनं ह्यानं. वरची मान्सं काय उंदरानं खाल्ली हुती?"

सर खुर्चीत बसले. ट्रॉलीचा मालक बन्सी तिथंच उकिडवा बसला होता, त्याला आपल्या कामाची घाई होती. त्याला फाळक्यावर नेहमीची हरणं नको होती. गेल्या उन्हाळ्यात मेलेला त्याचा बैल हवा होता.

"एक शिंग वाकडं हुतं त्याचं," बन्सी म्हणाला. "तसंच पायजे."

"कुठल्या बाजूचं?" गोरक्षनं विचारलं.

"डाव्या."

"तुझ्या डाव्या का त्याच्या?"

बन्सीनं स्वतःच्या कपाळाला दोन्ही बाजूंनी हात लावून बघितला. "त्याच्या."

"जल्मापासून का नंतर?"

"नंतर. दावणीला धडकला हुता. तवापासून मान जरा तिरकी धरायचा. म्हंजे बघताना असं वाटायचं की आपल्यालाच काहीतरी इचारतोय."

"हां," गोरक्ष म्हणाला आणि फाळक्यावर खडूनं मान तिरकी घेतली. "आता सांग, चिडका हुता का सोशिक?"

सर ऐकत होते. प्रश्न त्यांच्या ओळखीचे होते, फक्त आवाज दुसऱ्याचा होता. खडू फाळक्यावर चालला, थांबला, गोरक्षनं हाताच्या तळव्यानं अर्धं शिंग पुसलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली आणि पुन्हा काढलं. बन्सी म्हणाला, "आलं, आलं," आणि तोंड फिरवून नाक शिंकरायला बाहेर गेला.

गोरक्षनं हाक मारली तशी सृष्टी घरातून आली. दोन वेण्या, हातात पॅड, कानामागे पेन्सिल. ट्रॉलीच्या बाजूला सरळ पिवळी पट्टी ओढलेली होती, ती तिनं ओढलीय असं गोरक्षनं सांगितलं. फूटपट्टी न लावता ओढलेली, आणि केसाइतकीही हललेली नव्हती. मग तिनं बाजाराचं चित्र दाखवलं. गाईडबुकातून बसवलेलं. डाव्या हाताला झाड, मधे दुकान, उजवीकडे तीन माणसं. प्रमाण बरोबर, रंग स्वच्छ. माणसं पोलीस भरतीला आल्यासारखी छाती काढून उभी होती.

सरांनी हात पाठीमागे नेले. "ही बाई काय घ्यायला आलीय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," सृष्टी म्हणाली. "एक बाई काढायची असते, म्हणून काढली."

"आणि हा टोपीवाला? हा कुणाला..."

"सर," गोरक्ष स्टुलावरून म्हणाला. त्यानं मागे वळून बघितलं नव्हतं. "प्रश्न नका इचारू तिला. ते माज्याकडं रग्गड हायेत, मी इचारतो. काढून दाखवा."

"गोरक्ष, मी मुलांच्या कागदावर..."

"ठाऊक हाय." आता तो वळला. "सर, एक सांगू का? मला नापास झाल्याचं काही न्हाई. पोट भरतंय. पन आमी तुमाला कधी काढताना बघितलंच न्हाई. एकदा बी न्हाई. मला वाटायचं, चित्र ज्याला येतं त्याला एकदम येतं, न्हाईतर येतच न्हाई. श्रीरामपूरला गेलो तवा पहिल्यांदा मोठा मानूस चित्र काढताना बघितला. तो चुकायचा. पुसायचा. ब्रश फेकायचा, आनून पुन्हा बसायचा. म्हनलं, असं असतं व्हय हे? हे मला तुमच्याकडं कळायला पायजे हुतं. तुमी आमच्यावर लई माया केली, पन सवताचं काय दाखवलं न्हाई."

शेडमध्ये टर्पेंटाईनचा वास भरून राहिला होता. बनुबाईचं लसूण सोलणं थांबलं होतं. सरांना वाटलं, उठावं आणि एसटी गाठावी. ह्या माणसाला आपण काय सांगणार? मला हातच नाही, जो आहे तो माझ्या बापाचा आहे, असं? इतकी वर्षं ते समजत होते की आपण पोरांना काहीतरी राखून देतोय. आणि पोरांना दिसत होता तो पाठीमागे बांधलेल्या हातांचा एक माणूस, जो सगळ्यांना उघडं व्हायला सांगायचा आणि आपण मात्र बटणं लावून फिरायचा.

त्यांनी सृष्टीच्या कानामागची पेन्सिल मागितली.

पॅडवर नवा कागद होता. तिचा कागद. सरांनी त्यावर खांद्यावर पोतं घेतलेला हमाल काढला. हात इतक्या वर्षांनी चालला तरी अडखळला नाही. खांदा, बरगड्या, धोतराचा काचा, पोटऱ्या, सगळं नळ सोडल्यासारखं आलं. बनुबाई बाजेवरून वाकली.

"येतंय की मास्तरला," ती म्हणाली.

सृष्टीनं पॅड हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. तिला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"सर, पोतं रिकामं आहे का?"

"नाही. भरलेलं आहे. ज्वारीचं."

"मग मान अशी कशी राहील?" ती म्हणाली. "हा एखाद्या दुकानाच्या पाटीवरचा वाटतोय. छान आहे. पण ह्याला काही जड नाही झालेलं."

गोरक्ष फिसकन हसला. सर कागदाकडे बघत राहिले. रंभाजींचा माणूस होता तो, नखशिखान्त. चार पायांवर ताठ केलेल्या त्या वासराच्या ऐटीत दोन पायांवर उभा होता. पण आज पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाला तरी दिसला होता, आणि दिसला म्हणून काही कोसळलं नव्हतं. एका आठवीतल्या पोरीनं नुसतं सांगितलं होतं की पोतं हलकं आहे.

"जड झाल्यावर कशी होते मान?" सरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी शिकवायला म्हणून विचारला नव्हता. त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

सृष्टीनं इकडेतिकडे बघितलं. भिंतीशी लांबीचा डबा होता, पत्र्यावरचे खड्डे बुजवतात त्या लांबीचा, तोंडापर्यंत भरलेला. तिनं तो आधी गुडघ्यावर घेतला, मग दात खाऊन खांद्यावर चढवला.

"बघा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मान अशी पलीकडं जाते. आणि हा पाय आपोआप बाहेर येतो. मी काढत नाहीये बाहेर, तोच येतो."

सरांनी कागद उलटा केला आणि खुर्ची पुढे ओढली. पहिली रेघ ताठ आली. त्यांना ती येताना दिसली, पण तोवर ती आलेली होती. त्यांनी शेजारी दुसरी ओढली. तीही खोटी. हात पुढे धावायला बघत होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि नुसतं बघत बसले. पोरीच्या कमरेपाशी सगळं वजन एका बाजूला उतरलं होतं, फ्रॉकची शिवण ताणली होती, अंगठा जमिनीत रुतू बघत होता. मग त्यांनी हळूच, एखाद्या अनोळखी घराची कडी वाजवावी तशी, पेन्सिल टेकवली. रेघ कापरी आली. मानेशी येऊन अडली. पुन्हा बघितलं, पुन्हा टेकवली.

"चुकलं का?" सृष्टीनं डब्याआडून विचारलं.

"चुकलं."

"मग दुसरं काढा."

"तेच चाललंय."

गोरक्ष स्टुलावरून उतरून मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या ब्रशावरचा निळा रंग त्याच्याच चपलेवर पडत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. बन्सीही आत आला. सर कागदावर इतके वाकले होते की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"सर, लवकर," सृष्टी म्हणाली. "खांदा गेला माझा."

"हलू नकोस, बाई. आत्ता कुठं दिसायला लागलंय."

"दिसतंय तर काढा ना मग."